स्पिनट्रॉनिक्स आणि चुंबकीय नॅनोपदार्थांतील संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली पंचवीस वर्षे मी पुण्यात चुंबकीय पदार्थांच्या भौतिकशास्त्रावर संशोधन करतो आणि तोच विषय शिकवतो. एम.एस्सी.चे विद्यार्थी, त्यांचे आईवडील, महाविद्यालयांतील सहकारी आणि अधूनमधून बारावीतली मुले जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. काही ठिकाणी मी माझे मत मांडले आहे. तेथे ते मत म्हणूनच वाचावे.

स्पिनट्रॉनिक्स म्हणजे नेमके काय?

इलेक्ट्रॉनला विद्युतभार असतो, हे आपण शाळेत शिकतो. त्याच इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा आणखी एक मूलभूत गुणधर्म असतो आणि त्यामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉन एखाद्या अतिसूक्ष्म चुंबकासारखा वागतो. स्पिन समजावताना भोवऱ्याची उपमा देण्याची पद्धत आहे, पण ती फार ताणू नये, कारण इलेक्ट्रॉन खरोखरच भोवऱ्यासारखा फिरत असता तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा अधिक मानावा लागला असता. आपण निवडलेल्या दिशेने मोजल्यास स्पिन दोनच प्रकारे सापडते, वर किंवा खाली. तांब्याच्या तारेत दोन्ही प्रकारचे इलेक्ट्रॉन सारख्याच संख्येने वाहतात, त्यामुळे स्पिनचा परिणाम जाणवत नाही. लोह, कोबाल्ट आणि निकेल या धातूंत मात्र दोन प्रकारांच्या इलेक्ट्रॉनांची संख्या आणि त्यांना होणारा रोध हे दोन्ही वेगवेगळे असतात. या असमतोलाचा उपयोग करून माहिती साठवणे, वाचणे किंवा चुंबकीय क्षेत्र मोजणे, याला स्पिनट्रॉनिक्स म्हणतात.

स्पिनचा शोध शंभर वर्षांपूर्वीचा, मग हा विषय इतका अलीकडचा कसा?

स्टर्न आणि गेरलाख यांचा प्रयोग १९२२ चा आहे आणि इलेक्ट्रॉनच्या स्पिनची कल्पना उलेनबेक व गाउडस्मिट यांनी १९२५ मध्ये मांडली. लोहचुंबकीय धातूंत वर आणि खाली स्पिनचे इलेक्ट्रॉन जणू दोन स्वतंत्र वाहिन्यांतून वाहतात, हा विचारही नेव्हिल मॉट यांनी १९३६ मध्येच मांडला होता. तरीही पुढची पन्नास वर्षे त्यातून कोणतेही उपकरण निर्माण झाले नाही, आणि याचे कारण अंतरात दडलेले आहे. इलेक्ट्रॉन धातूतून जाताना धडकत जातो आणि काही अंतरानंतर त्याच्या स्पिनची मूळ दिशा पुसली जाते. तांब्यात सामान्य तापमानाला हे अंतर काही शे नॅनोमीटर असते, तर चुंबकीय धातूंत ते त्याहून पुष्कळच कमी असते. म्हणजे स्पिनचा परिणाम पाहायचा असेल तर थरही तितकेच पातळ हवेत, आणि अणूंच्या काही रांगा मोजून ठेवल्यासारखे स्वच्छ थर बनवण्याची निर्वात तंत्रे १९८० च्या दशकातच हाताशी आली.

१९८८ मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पेटर ग्रुनबर्ग यांच्या गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, लोह आणि क्रोमियम यांचे पातळ थर एकावर एक रचून त्यांचा रोध मोजला. लोहाच्या शेजारशेजारच्या थरांचे चुंबकन, म्हणजे चुंबकत्वाची दिशा, परस्परविरुद्ध असताना रोध जास्त होता आणि बाह्य क्षेत्राने ते एका दिशेला आणताच तो घसरला. फेर यांच्या नमुन्यात द्रवरूप हेलियमच्या तापमानाला, म्हणजे ४.२ केल्विनला, रोध जवळजवळ निम्म्यावर आला. याला महाचुंबकरोध म्हणता येईल. प्रयोगशाळेत सगळे जण त्याला जीएमआर म्हणतात. १९९७ च्या अखेरीस या परिणामावर चालणारे वाचन-शीर्ष असलेली हार्ड डिस्क बाजारात आली आणि २००७ मध्ये दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मूलभूत शोधापासून विकाऊ वस्तूपर्यंतचा प्रवास नऊ वर्षांत पूर्ण झाल्याचे उदाहरण घनरूप पदार्थांच्या भौतिकशास्त्रात विरळाच सापडते.

पुढे दोन चुंबकीय थरांमध्ये धातूऐवजी विसंवाहकाचा सुमारे एक नॅनोमीटरचा थर ठेवण्याची पद्धत आली. इलेक्ट्रॉन या थरातून क्वांटम बोगद्याने पार होतात. सामान्य तापमानाला हा परिणाम खात्रीने दिसण्यासाठी १९९५ साल उजाडावे लागले, आणि ते काम करणाऱ्या दोन गटांपैकी अमेरिकेतील गटाचे प्रमुख जगदीश मूडेरा हे भारतीय वंशाचे आहेत. २००४ मध्ये, विसंवाहक म्हणून तोवर वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनाऐवजी (ॲल्युमिनियम ऑक्साइडऐवजी) मॅग्नेशियम ऑक्साइडचा स्फटिकी थर वापरल्यावर रोधातला फरक सुमारे दोनशे टक्क्यांपर्यंत पोहोचला. आजच्या हार्ड डिस्कची वाचन-शीर्षे याच तत्त्वावर चालतात.

चुंबकीय नॅनोकणांचा याच्याशी काय संबंध?

दोन्हीकडे मूळ प्रश्न एकच आहे: चुंबक लहान करत गेलो तर तो कुठपर्यंत चुंबक राहतो?

लोहाच्या मोठ्या तुकड्यात चुंबकीय परिबलांचे वेगवेगळे प्रदेश असतात. कण काही दहा नॅनोमीटरांपर्यंत लहान केला की प्रदेशांमधल्या भिंती ऊर्जेच्या दृष्टीने परवडत नाहीत आणि संपूर्ण कण एकाच दिशेचा एक अखंड चुंबक होतो. आणखी लहान केल्यावर वेगळीच अडचण उभी राहते. चुंबकनाची दिशा उलटण्यासाठी जो ऊर्जेचा उंबरठा ओलांडावा लागतो, तो कणाच्या आकारमानाच्या प्रमाणात असतो. मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोहाच्या एका चुंबकीय ऑक्साइडचा, दहा नॅनोमीटर व्यासाचा कण घेतला आणि मोठ्या स्फटिकाचा विषमदिशता स्थिरांक (चुंबकन आपल्या पसंतीच्या दिशेला किती घट्ट धरून राहते ते सांगणारा आकडा) वापरून गणित केले, तर हा उंबरठा खोलीच्या तापमानाला मिळणाऱ्या उष्णताऊर्जेच्या दुपटीपेक्षाही कमी भरतो. म्हणजे खोलीची साधी ऊब त्या कणाचे उत्तर-दक्षिण ध्रुव सेकंदाला कोट्यवधी वेळा उलटेपालटे करते. अशा कणांचा समूह बाहेरून क्षेत्र लावल्यावर चुंबकासारखा जोरदार ओढला जातो, आणि क्षेत्र काढताच त्याचे चुंबकन शून्यावर येते. याला सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात.

हार्ड डिस्क बनवणाऱ्याला हा गुणधर्म शत्रूसारखा वाटतो, कारण त्याला लिहिलेली माहिती दहा वर्षे टिकायला हवी असते. वैद्यकीय उपयोग करणाऱ्याला मात्र तोच हवा असतो, कारण क्षेत्र काढल्यावरही कण एकमेकांना चिकटून राहिले तर त्यांच्या गाठी होतील. माझ्या मते एकाच भौतिकशास्त्राची ही दोन टोके एकत्र शिकावीत. विद्यार्थी एकाच टोकाला धरून बसला की त्याची समज अर्धी राहते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पुण्यात हे काम कोठे चालते?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग, पाषाण परिसरातील आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सी-मेट (इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या पदार्थांचे केंद्र), गिरिनगरची डीआयएटी (संरक्षण तंत्रज्ञान संस्था) ही नावे विद्यार्थ्याने प्रथम पाहावीत. या साऱ्या संस्थांत पदार्थविज्ञानाचे काम चालते. कोण सध्या चुंबकीय पदार्थांवर काम करत आहे, हे मात्र त्या त्या वर्षी प्राध्यापकांच्या पानावर आणि अलीकडच्या शोधनिबंधांत पाहूनच ठरवावे. जुन्या कीर्तीवर विसंबून अर्ज करू नये.

पुण्याला या विषयाची परंपरा आहे, हे मी अभिमानाने सांगतो. विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवलेले डॉ. वि. गो. भिडे हे मॉसबाउअर वर्णपटविज्ञानात (गामा किरणांनी अणूंची स्थिती तपासण्याच्या तंत्रात) भारतात आरंभी काम करणाऱ्यांपैकी होते, आणि लोहाच्या संयुगांतील चुंबकत्व समजून घेण्यासाठी आजही त्या तंत्राला पर्याय नाही. डॉ. सुलभा कुलकर्णी यांनी नॅनोकणांच्या आणि डॉ. सतीशचंद्र ओगले यांनी ऑक्साइडच्या पातळ थरांच्या संशोधनात विद्यार्थ्यांच्या पिढ्या तयार केल्या.

जे पुण्यात नाही, त्यासाठी प्रवास करावा लागतो. सिंक्रोट्रॉनचा, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांपासून मिळणारा प्रखर क्ष-किरण, हवा असेल तर इंदूरला इंडस-२ आहे, न्यूट्रॉन हवे असतील तर मुंबईतील तुर्भ्याची (ट्रॉम्बेची) ध्रुव अणुभट्टी आहे, आणि विद्यापीठांतील संशोधकांना या सुविधा मिळवून देण्यासाठीच यूजीसी-डीएई संकुलाची केंद्रे आहेत. शिवाजीनगरहून रात्रीच्या बसने, मांडीवर नमुन्यांची डबी घेऊन, इंदूरला गेलेले माझे विद्यार्थी आज स्वतः प्राध्यापक आहेत.

बारावीनंतर कोणता मार्ग घ्यावा?

भौतिकशास्त्रात बी.एस्सी. आणि एम.एस्सी. हा रुळलेला मार्ग आजही चांगला आहे. आयसरचा बीएस-एमएस अभ्यासक्रम हा दुसरा, आणि धातुविज्ञान किंवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.टेक. करून पुढे संशोधनाकडे वळणे हा तिसरा. एम.एस्सी.साठी आयआयटीत जायचे असेल तर जॅम, पीएच.डी.साठी नेट, गेट, जेस्ट किंवा टीआयएफआरची प्रवेशपरीक्षा, असा परीक्षांचा क्रम आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असल्यास थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो, पण भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने एम.एस्सी.ची दोन वर्षे वाचवण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. क्वांटम यांत्रिकी, सांख्यिकीय भौतिकी आणि घनरूप पदार्थांचे भौतिकशास्त्र हे तीन विषय नीट मुरायला तेवढा वेळ लागतोच.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना हे जमते का?

जमते. मी स्वतः दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तक वाचायला दुप्पट वेळ लागतो, पुढे तो लागत नाही. गणिताची भीती मात्र लवकर घालवावी, कारण इंग्रजी वाचनाने सुधारते. पण रेषीय बीजगणित कच्चे राहिले तर स्पिनचे एकही समीकरण कळत नाही. वर्गात ज्याला संकल्पना मराठीत समजावून सांगता येते, त्याला ती खरी समजलेली असते, म्हणून माझ्या गटातल्या साप्ताहिक बैठकीत कोणीही कोणत्याही भाषेत बोलावे, अशी मोकळीक आहे.

प्रायोगिक काम निवडावे की सैद्धान्तिक?

प्रायोगिक कामाला हाताची सवय आणि न थकता तेच तेच करण्याची तयारी लागते. सैद्धान्तिक आणि संगणकीय कामासाठी घनता-फलन सिद्धान्त (पदार्थातील इलेक्ट्रॉनांचे गणित करण्याची पद्धत), सूक्ष्मचुंबकीय गणने आणि चांगला संगणक लागतो. आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक आहे, आणि या शहरात सी-डॅकमुळे महासंगणनाची ओळख जुनीच आहे. प्रायोगिक विद्यार्थ्याने थोडे गणन शिकावे. सैद्धान्तिक विद्यार्थ्याने किमान एक महिना प्रयोगशाळेत बसून प्रत्यक्ष मोजमापे कशी दिसतात ते पाहावे.

पीएच.डी.ची वर्षे प्रत्यक्षात कशी जातात?

पहिले वर्ष अभ्यासक्रम आणि वाचन यांत जाते. त्यानंतरचे वर्ष-दीड वर्ष नमुने बनवण्यात जाते, आणि बहुतेक नमुने वाया जातात. मॅग्नेटाइटचे कण बनवण्याची सहअवक्षेपण पद्धत कागदावर अगदी सोपी आहे: फेरस आणि फेरिक क्षार एकास दोन या प्रमाणात पाण्यात विरघळवायचे आणि ढवळत ढवळत अमोनिया घालायचा, की काळा अवक्षेप खाली बसतो. परंतु फेरस आयनाचे हवेत ऑक्सिडीकरण होते, म्हणून द्रावणातून नायट्रोजन सोडावा लागतो. तो पुरेसा नसेल तर काळ्याऐवजी तपकिरी भुकटी हाती येते. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेला फेरिक क्लोराइड हवेतले पाणी ओढून ओला होतो आणि वजन करताना प्रमाण चुकते. जुलैमधले नमुने आणि जानेवारीतले नमुने वेगळे का येतात, याचा उलगडा माझ्या एका विद्यार्थिनीला तब्बल आठ महिन्यांनी झाला.

पातळ थरांचे काम आणखी संथ असते. निर्वात कक्ष एकदा उघडला की आतल्या पृष्ठभागांवरचे पाणी काढायला तो तापवावा लागतो आणि हवा तेवढा निर्वात मिळेपर्यंत एक-दोन दिवस सहज जातात. पुण्यात गुरुवारी वीज जाण्याची शक्यता असते, हे लक्षात ठेवून आम्ही मोठी निक्षेपणे, म्हणजे थर चढवण्याची कामे, गुरुवारी ठेवत नाही. हे तपशील कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसतात, पण प्रबंध वेळेवर पूर्ण होतो की नाही हे पुष्कळदा त्यांवरच ठरते.

शेवटची दोन वर्षे मोजमाप, विश्लेषण आणि लेखनाची. नियमानुसार किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांची मुदत असते. प्रायोगिक विषयात पाच ते साडेपाच वर्षे धरून चालावे. महिला संशोधकांना दोन वर्षांची जादा मुदत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळते. ती मागताना संकोच करू नये आणि मार्गदर्शकाने ती उपकार म्हणून देऊ नये.

मोजलेले चुंबकत्व खरे आहे, हे कसे ओळखावे?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि खेदाची गोष्ट अशी, की तो सर्वांत कमी विचारला जातो.

एक साधे गणित करून पाहा. लोहाच्या एका ग्रॅमचे संपृक्त (जास्तीत जास्त) चुंबकीय परिबल सुमारे २१८ ईएमयू (परिबलाचे एकक) असते, म्हणून एक मायक्रोग्रॅम लोहाचे परिबल सुमारे ०.०००२ ईएमयू भरते. चांगले कंपन-नमुना चुंबकमापक, म्हणजे व्हीएसएम, ०.०००००१ ईएमयूपर्यंत मोजू शकते आणि स्क्विड, म्हणजे अतिसंवाहकावर चालणारे चुंबकमापक, त्याच्याही सुमारे शंभरपट सूक्ष्म मोजते. म्हणजे एक मायक्रोग्रॅम लोह व्हीएसएमला दोनशेपट मोठ्या आवाजात ऐकू येते. एवढे लोह म्हणजे सुमारे साठ मायक्रोमीटर व्यासाचा एक कण, म्हणजे साधारण केसाच्या जाडीचा. तो डोळ्याला सहज दिसत नाही, चिमट्याला चिकटून येतो आणि आलेखावर देखणा हिस्टेरेसिसचा फास, म्हणजे चुंबकत्वाची खूण मानला जाणारा बंद वळसा, काढून देतो.

या शतकाच्या सुरुवातीला, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम ऑक्साइडसारख्या पदार्थांत थोडे कोबाल्ट किंवा मँगनीज मिसळले तर सामान्य तापमानाला चुंबकीय असणारा अर्धवाहक मिळेल, या आशेने जगभर मोठी धाव लागली होती. आशेला आधार होता: गॅलियम मँगनीज आर्सेनाइड हा पदार्थ खरोखर चुंबकीय अर्धवाहक आहे, पण त्याचे चुंबकत्व सुमारे २०० केल्विनच्या वर टिकत नाही. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सैद्धान्तिक भाकिताने झिंक ऑक्साइड आणि गॅलियम नायट्राइडकडे बोट दाखवले आणि त्यानंतर शेकडो शोधनिबंध आले. त्यांतील बरेच निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. काही ठिकाणी मिसळलेल्या धातूचे सूक्ष्म पुंजके झाले होते आणि काही ठिकाणी बाहेरून आलेले लोह मोजले गेले होते. २००४ मध्ये हाफ्नियम ऑक्साइडच्या थरांत, ज्यात चुंबकीय आयनच नाहीत, चुंबकत्व दिसल्याचे डब्लिनच्या एका गटाने प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या संशोधकांनी दाखवून दिले, की स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने हाताळलेल्या नमुन्यांत तसेच संकेत मिळतात आणि काळजीपूर्वक हाताळलेल्या नमुन्यांत ते मिळत नाहीत.

या घटनेने मला वैयक्तिक धक्का दिला होता. त्याच काळात आमच्याकडेही झिंक ऑक्साइडच्या एका मालिकेत सुरेख फास मिळत होते, शोधनिबंधाचा मसुदा तयार होता आणि मी रात्री उशिरापर्यंत त्याच्या आकृत्या काढत होतो. मग आम्ही चिमटा बदलला, प्लास्टिकचा आणला, आधारपट्टिका (ज्यांवर थर चढवतात त्या पट्ट्या) आम्लाने धुतल्या आणि तेच नमुने पुन्हा केले. सात नमुन्यांपैकी पाचांचा फास नाहीसा झाला. मसुदा मी कपाटात ठेवला आणि तो आजही तेथेच आहे. त्या विद्यार्थ्याचे एक वर्ष गेले याची खंत मला आहे. तो निबंध छापून आला असता तर ती खंत कितीतरी मोठी असती.

पुण्यात याची एक विशेष बाजू आहे. आपले शहर दख्खनच्या बेसाल्टवर वसलेले आहे आणि बेसाल्टमध्ये टायटॅनोमॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. याच खनिजाने सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा जपून ठेवली, आणि तिच्यावरूनच लाव्हा थिजला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हे भूभौतिकीच्या अभ्यासकांना सांगता आले. भूशास्त्राला ज्या खनिजाने एवढे दिले, ते आमच्या खिडकीतून धुळीबरोबर आत येते आणि नमुन्यावर बसते. म्हणून आमच्याकडे नमुने झाकून ठेवतात, लोखंडी सुरीने आधारपट्टिका कापत नाहीत, आणि प्रत्येक मालिकेबरोबर, सगळ्या पायऱ्यांतून गेलेला पण चुंबकीय घटक न घातलेला असा एक कोरा नमुना मोजतात.

चुंबकीय नॅनोकणांनी कर्करोग बरा होतो का?

या प्रश्नामागे पुष्कळदा घरातल्या आजारी माणसाची काळजी असते, म्हणून उत्तर जपून देतो. प्रत्यावर्ती (सतत दिशा बदलणाऱ्या) चुंबकीय क्षेत्रात लोह ऑक्साइडचे कण तापतात आणि अर्बुदाच्या, म्हणजे कर्करोगाच्या गाठीच्या, पेशी ४१ ते ४६ अंश सेल्सियसच्या दरम्यान दुबळ्या होतात, हे तत्त्व पक्के आहे. मेंदूच्या एका प्रकारच्या अर्बुदासाठी, प्रारणोपचाराच्या (रेडिएशनच्या) जोडीने, अशा उपचाराला २०१० मध्ये युरोपात मान्यता मिळाली. तरीही हा सर्वत्र उपलब्ध असलेला उपचार नाही. कण अर्बुदात पुरेशा प्रमाणात पोहोचवणे आणि शेजारच्या निरोगी ऊतींना जपणे हे प्रश्न अजून कठीण आहेत. रुग्णाने आपल्या कर्करोगतज्ज्ञांचा सल्ला सोडून नॅनोच्या नावावर कोठेही जाऊ नये. लोह ऑक्साइडच्या कणांचे इतर उपयोग मात्र रुळले आहेत: मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात होणाऱ्या लोहन्यूनतेसाठी शिरेतून देण्याचे असे एक औषध अमेरिकेत २००९ पासून मान्य आहे.

चुंबकाच्या कड्यांनी रक्ताभिसरण सुधारते, असा दावा पुण्याच्या प्रदर्शनांतही ऐकू येतो. रक्तातले लोह हिमोग्लोबिनमध्ये एकेका अणूने विखुरलेले असते आणि ते लोखंडासारखे चुंबकीय नसते. ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन तर चुंबकाकडून किंचित दूरच लोटले जाते. पॉलिंग आणि कोरिएल यांनी हे १९३६ मध्येच मोजले होते.

विद्यावेतन आणि पुढचा पगार किती?

जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर वरिष्ठ अधिछात्रवृत्ती ४२,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता वेगळा. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत आणि त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन महाविद्यालयात ५७,७०० रुपये आणि आयसर किंवा आयआयटीत साधारणपणे १,०१,५०० रुपये असते.

आकडे सांगून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. महाराष्ट्रात पीएच.डी. झालेले कितीतरी जण तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवत आहेत. अधिछात्रवृत्तीचे पैसे कधी कधी महिनोन्‌महिने रखडतात. घरची जबाबदारी खांद्यावर असणाऱ्या विद्यार्थ्याने प्रवेश घेण्यापूर्वीच मार्गदर्शकाशी याविषयी स्पष्ट बोलावे, आणि मार्गदर्शकाने ते ऐकून घ्यावे.

परदेशी पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे मुदतीचे संशोधन) करावाच लागतो का?

नियम म्हणून नाही, व्यवहारात बहुतेकदा हो. मोठ्या संस्था उमेदवाराचे स्वतंत्र काम पाहतात आणि ते पीएच.डी.च्या मार्गदर्शकापासून दूर गेल्याशिवाय सिद्ध होत नाही. जर्मनी, जपान, फ्रान्स आणि अमेरिकेत या विषयाचे मोठे गट आहेत. तेथे जाताना, पुण्यात परतल्यावर जे करता येईल असे एक तरी तंत्र शिकून यावे. जे उपकरण आपल्याकडे पुढची दहा वर्षे येणार नाही, त्याच्यावर संपूर्ण कारकीर्द उभी करू नये.

किती शोधनिबंध लागतात?

प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापलेला असण्याची सक्ती यूजीसीने २०२२ मध्ये काढली, ते योग्यच झाले. नोकरीसाठी मात्र निबंध पाहिले जातात. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे. ज्या निबंधाविषयी मुलाखतीत अर्धा तास बोलता येते असे तीन, मी तीस किरकोळ निबंधांपेक्षा मोलाचे मानतो. वाचनासाठी पूर्वी मोठी अडचण होती. जानेवारी २०२५ पासून एक राष्ट्र एक वर्गणी योजनेमुळे सरकारी विद्यापीठे व महाविद्यालये यांना प्रमुख प्रकाशकांची नियतकालिके मिळू लागली आहेत.

संशोधनाबाहेर, उद्योगात, या शिक्षणाचा उपयोग काय?

चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या वाहन उद्योगाकडे पाहिले तर उत्तर समोरच आहे. चाकाचा वेग, मोटरच्या अक्षाची स्थिती, बॅटरीतली धारा हे सारे चुंबकीय संवेदकांनी मोजले जाते. १२५ सीसीवरच्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जागीच अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले आणि त्याच्या मुळाशी चाकाचा वेग सांगणारा संवेदक असतो. विजेवरच्या गाडीच्या मोटरमध्ये निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे चुंबक असतात; एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये (निओडिमियमच्या कुळातले धातू) आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा हा विषय येथल्या कारखान्यांच्या दारापर्यंत आला. चुंबकीय स्मृतिचिप २००६ पासून बाजारात आहे, परंतु तिचे उत्पादन अद्याप परदेशातच होते. माझे निम्मे विद्यार्थी आज उद्योगात आहेत, आणि निर्वात तंत्र, सूक्ष्म मोजमाप व पदार्थांचे परीक्षण या तीन कौशल्यांनी त्यांना तेथे नेले.

शाळकरी मुलाला या विषयाची गोडी कशी लावावी?

चुंबकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून तो मुठेकाठच्या वाळूतून फिरवावा. पिशवीला काळे कण चिकटतात. तेच ते सह्याद्रीच्या दगडातले मॅग्नेटाइट. दुसरे म्हणजे जुन्या बाजारातून बंद पडलेली हार्ड डिस्क आणून ती मुलांसमोर उघडावी. तबकडीवर टेकल्यासारख्या दिसणाऱ्या भुजेच्या टोकाला डोळ्यांना जेमतेम दिसेल असा ठिपका असतो, आणि फेर व ग्रुनबर्ग यांनी मोजलेला परिणाम किंवा त्याचा धाकटा भाऊ त्या ठिपक्यात काम करत असतो. आतले दोन चुंबक मात्र फार जोरदार असतात. ते बोटांना चिमटा काढतात, म्हणून ते मोठ्यांनीच हाताळावेत आणि लहान मुलांपासून दूर ठेवावेत.

गटात आलेल्या नव्या विद्यार्थ्याला तुम्ही पहिले काम कोणते देता?

व्हीएसएममध्ये नमुना न ठेवता, रिकामा धारक मोजायला सांगतो. मग नवा धारक, धुतलेला धारक, हाताने धरलेला धारक आणि नुसती आधारपट्टिका, असे क्रमाने मोजायचे, प्रत्येक मोजणी तीनदा करायची आणि सारे वहीत तारखेसह लिहून ठेवायचे. पहिल्या एक-दोन दिवसांत मुले कंटाळतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणाला तरी रिकाम्या धारकात एक बारीकसा फास सापडतो, आणि ती किंवा तो माझ्या खोलीत येऊन विचारतो, "सर, हा कुठून आला?" मग आम्ही दोघे उठून तो शोधायला जातो.